स्कूल डिस्ट्रिक्टवर स्टेट मॉनिटर बसला म्हणजे नेमकं काय होतं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या तुमच्या गावच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे गावातल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या संस्थेत, ऑडिटनंतर तूट निघाली आणि राज्याच्या शिक्षण खात्याने तिथे स्टेट मॉनिटर, म्हणजे पैशावर देखरेख करणारा माणूस, बसवला. मुलगी चौथीत आहे, घर घेऊन दोनच वर्षं झालीत. शाळा राज्याने ताब्यात घेतल्या का, कर वाढणार का, शिक्षक कमी होणार का, आणि बजेटचा एवढा मोठा हिस्सा राज्याकडून येत असताना तूट पडतेच कशी, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या आई महाराष्ट्रात अनुदानित शाळेत शिकवायच्या आणि तिथे असं काही कधी ऐकलं नव्हतं, हेही लिहिलंय. त्या वाक्याकडे मी पुढे परत येणार आहे, कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात दडलंय.

मी २२ वर्षं न्यू जर्सीतल्या शाळांच्या हिशेबात काढली. आधी ऑडिट करणाऱ्या फर्ममध्ये, नंतर डिस्ट्रिक्टच्या बिझनेस ऑफिसमध्ये. त्यातल्या दोन ठिकाणी मी नोकरीत असताना मॉनिटर होते. त्यामुळे हे सगळं टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

पहिली गोष्ट, शाळा ताब्यात घेतलेल्या नाहीत. ताब्यात घेणं हा इथे वेगळा प्रकार आहे. जर्सी सिटी १९८९ मध्ये, पॅटरसन १९९१ मध्ये, न्यूअर्क १९९५ मध्ये आणि कॅम्डेन २०१३ मध्ये राज्याने घेतलं, तेव्हा निवडून आलेल्या बोर्डाचे अधिकार जवळजवळ संपले आणि सुपरिंटेंडंट, म्हणजे शाळांचा मुख्य प्रशासक, राज्याने नेमला. न्यूअर्कच्या बोर्डाला कारभार परत मिळायला २०१८ उजाडलं. तुमच्याकडे आलाय तो २००६ च्या स्कूल डिस्ट्रिक्ट फिस्कल अकाउंटेबिलिटी ॲक्टखालचा मॉनिटर. बोर्ड जागेवर आहे, सुपरिंटेंडंट जागेवर आहे, वर्गात काय शिकवायचं ते तेच ठरवतात. मॉनिटर पैशावर आणि पैसा ज्याच्यावर खर्च होतो त्या माणसांवर नजर ठेवतो.

पण "नजर ठेवतो" हा शब्द थोडा मवाळ झाला. कायद्याने त्याला दिलेले अधिकार मोठे आहेत. पर्चेस ऑर्डर (खरेदीचा लेखी आदेश), बिलांची अदायगी, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळवणं, नेमणुका, बढत्या, कपात या सगळ्यांत तो हात घालू शकतो. या विषयांवर बोर्डाने बहुमताने केलेला ठरावही तो फिरवू शकतो. बंद दाराआडच्या बैठकांनाही तो बसतो. कामगार आणि शिक्षण कायदे मात्र त्यालाही लागू आहेत, म्हणजे युनियनशी झालेला करार तो फाडून टाकू शकत नाही. त्याचा मोबदला डिस्ट्रिक्टच्याच पैशातून जातो. यावर पालक चिडतात ते मला समजतं, पण चांगला मॉनिटर ती रक्कम पहिल्या काही महिन्यांत वाचवून देतो हे मी स्वतः पाहिलंय.

तो नेमला कसा जातो हेही समजून घ्या, म्हणजे आपल्या डिस्ट्रिक्टला काय झालंय ते कळेल. ऑडिटरने हिशेब खरं चित्र दाखवत नाहीत असा शेरा मारला, किंवा कागदच इतके अपुरे की मत देता येत नाही म्हटलं, तर तेवढं एक कारण पुरतं. नाहीतर ठरलेल्या कारणांपैकी किमान दोन लागतात: वर्षअखेर तूट, ऑडिटरचं सशर्त मत, आर्थिक नियंत्रणातली गंभीर त्रुटी, मागच्या वर्षी दाखवलेली चूक यंदाही तशीच, केंद्राचे पैसे नियमबाह्य खर्च झाल्याने परत करायची वेळ, ऑडिट मुदतीनंतर ६० दिवसांहून उशिरा. यातली कोणती दोन तुमच्याकडे लागू झाली हे बोर्डाला विचारा. हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा फार महत्त्वाचा आहे, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

माझ्या अनुभवात अशा डिस्ट्रिक्टना दोन वेगळे आजार असतात. एक म्हणजे हिशेबाची बेशिस्त. दुसरा म्हणजे मिळकत आणि जबाबदारी यांच्यातली मुळातली तफावत. पहिल्यावर मॉनिटर हे औषध आहे. दुसऱ्यावर तो ताप मोजत राहतो.

पहिला आजार कसा दिसतो ते सांगतो. एका डिस्ट्रिक्टमध्ये मी ऑगस्टमध्ये रुजू झालो. पहिल्याच आठवड्यात बिलांच्या टेबलाखाली झेरॉक्सच्या कागदांचा एक रिकामा खोका दिसला, आणि तो रिकामा नव्हता. त्यात बिलं होती. बसवाल्यांची, विशेष गरजा असलेल्या मुलांना घेणाऱ्या खासगी शाळांची, एका बॉयलरच्या दुरुस्तीचं. बहुतेकांवर मार्च ते जूनच्या तारखा. काहींना पर्चेस ऑर्डरच नव्हती, काहींना होती पण बिलानंतर काढलेली. इथलं शाळेचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. ती बिलं मागच्या वर्षाच्या खर्चात धरायला हवी होती. ती खोक्यात ठेवल्यामुळे मागचं वर्ष कागदावर शिलकीत दिसलं, आणि बोर्डाने त्या "शिलकी"वर विसंबून नव्या नेमणुका केल्या. मी आणि ऑफिसातल्या एका बाईंनी जमिनीवर बसून ती बिलं वर्षवार लावली. बेरीज झाली तेव्हा त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चोरी कोणीच केली नव्हती. बजेटच्या खात्यात पैसे शिल्लक नाहीत म्हणून सिस्टिम बिल घेत नव्हती, आणि वर जाऊन ते सांगायची कोणाची हिंमत नव्हती.

त्याच ठिकाणी पगारपत्रकावरची माणसं आणि मंजूर पदं यांचा मेळ बसत नव्हता. कारण ऐकाल तर राग येणार नाही. एखाद्या मुलाच्या शैक्षणिक आराखड्यात पूर्णवेळ मदतनीस लिहिलेला असतो. तो देणं कायद्याने बंधनकारक आहे. मुख्याध्यापिका ई-मेल करते, एचआर माणूस घेतं, आणि त्या पदाला बजेटमध्ये ओळ आहे का हे कोणी बघत नाही. असं वर्षभर सगळ्या शाळांत होत राहिलं की वर्षाअखेरी तूट उभी राहते. शिस्तीच्या डिस्ट्रिक्टमध्ये प्रत्येक पदाला क्रमांक असतो आणि क्रमांकाशिवाय पगार निघत नाही.

आता तुमच्या आईंच्या शाळेकडे येतो. महाराष्ट्रात अनुदानित शाळेची पदं संचमान्यतेत ठरतात. विद्यार्थिसंख्येवरून किती शिक्षक हे सरकार आधी ठरवतं आणि त्या पदांचाच पगार शासनाकडून निघतो. त्याचे हाल वेगळे आहेत, अतिरिक्त ठरलेले शिक्षक आणि रखडलेलं वेतनेतर अनुदान तुमच्या आईंना माहीत असेलच. पण मान्यता नसलेल्या पदाचा पगार सरकारच्या पैशातून निघत नाही, म्हणजे पगाराच्या बाबतीत लगाम आधीच ओढलेला असतो. इथे उलट आहे. राज्य एक ठोक रक्कम देतं आणि माणसं किती घ्यायची, कोणाशी काय करार करायचा हे गावातून निवडून आलेलं बोर्ड ठरवतं. लगाम नंतर येतो, ऑडिटमधून. वर्ष ३० जूनला संपतं आणि ऑडिट डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत द्यायचं असतं. तूट अधिकृतपणे कळते तेव्हा पुढच्या वर्षाचे पाच महिने संपलेले असतात. मॉनिटर येईपर्यंत दुसरी तूट तयार व्हायला लागलेली असते.

राज्यावर इतकं अवलंबून राहणं आलं कुठून? १८७५ पासून या राज्याच्या घटनेत ५ ते १८ वयाच्या मुलांसाठी "थरो अँड एफिशियंट" मोफत शाळांची जबाबदारी राज्यावर आहे. शाळा चालायच्या मात्र घरपट्टीवर, म्हणजे श्रीमंत गावात चांगल्या आणि गरीब शहरात ओढाताणीच्या. १९७३ मध्ये रॉबिन्सन विरुद्ध केहिल खटल्यात न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. विधिमंडळ पैसा उभा करेना, तेव्हा १ जुलै १९७६ पासून न्यायालयाने शाळांवरचा खर्चच थांबवला आणि काही दिवसांत न्यू जर्सीत आयकर आला. पुढे ॲबट विरुद्ध बर्क हा १९८१ मध्ये दाखल झालेला खटला. १९९० च्या निकालाने गरीब शहरी डिस्ट्रिक्टना श्रीमंत उपनगरांइतका खर्च मिळालाच पाहिजे असं बजावलं. १९९८ च्या निकालाने ३ आणि ४ वर्षांच्या मुलांची बालवाडी आणि शाळांच्या इमारती राज्याच्या अंगावर टाकल्या. अशी ३१ डिस्ट्रिक्ट आहेत. न्यूअर्कसारख्या ठिकाणी बजेटचा तीन चतुर्थांशाहून मोठा वाटा ट्रेंटनहून, म्हणजे राज्याच्या राजधानीतून, येतो.

हा न्यायाचा पैसा आहे. मदत घेणाऱ्या डिस्ट्रिक्टकडे "फुकटचं उडवतात" म्हणून बघणारे आपल्या मराठी मंडळातही भेटतात. त्यांना मी हा इतिहास सांगतो.

पण जिथे तीन चतुर्थांश मिळकत एकाच हाताकडून येते, तिथे त्या हाताने थोडं मागे घेतलं तरी तोल जातो. मदत ८ आणि २२ तारखेला, सप्टेंबर ते जून अशा २० हप्त्यांत येते. गेली कित्येक वर्षं राज्य स्वतःच्या सोयीसाठी जूनचे शेवटचे हप्ते जुलैत देतं. त्यामुळे ऑडिटमधल्या एका तक्त्यात तूट दिसते आणि दुसऱ्यात दिसत नाही. कायद्याने ही हप्त्यांमुळे दिसणारी तूट दोष मानली जात नाही. तेव्हा कोणी ऑडिटचं पान दाखवून "बघा, उणे आकडा" म्हणालं तर आधी विचारा, हा आकडा बजेटच्या पद्धतीने काढलाय की जूनचे हप्ते वगळून.

मदतीची रक्कम २००८ च्या सूत्राने ठरते. मुलांची संख्या, त्यातली गरीब किती, इंग्रजी शिकणारी किती, यावरून पुरेसं बजेट काढतात आणि त्यातून गावाचा "योग्य वाटा" वजा करतात. हा वाटा निम्मा घरांच्या किमतींवर आणि निम्मा रहिवाशांच्या उत्पन्नावर बेतलेला असतो. घरांच्या किमती चढल्या की गाव कागदावर श्रीमंत होतं आणि मदत घटते, पण घरपट्टीतून शाळेची वसुली एरवी वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. २०१८ च्या कायद्याने सूत्रापेक्षा जास्त मिळत आलेल्या जुन्या मदतीची सात वर्षांत छाटणी झाली तेव्हा जर्सी सिटीला याचा मोठा फटका बसला, आणि शाळांसाठी त्या शहराने कंपन्यांच्या पगारपत्रकावर १ टक्का कर आणला. २०२५-२६ मध्ये राज्याने कोणत्याही डिस्ट्रिक्टची घट ३ टक्क्यांवर आणि वाढ ६ टक्क्यांवर रोखली. त्यात केंद्राचे कोविडकाळातले पैसे. शेवटचा मोठा निधी सप्टेंबर २०२४ पर्यंत वापरायचा होता. ज्यांनी त्या तात्पुरत्या पैशावर कायमची पदं भरली त्यांच्याकडे आता पदं आहेत आणि पैसे नाहीत.

दुसऱ्या आजाराचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण लेकवूड. तिथल्या सार्वजनिक शाळांत साधारण ६,००० मुलं, आणि खासगी धार्मिक शाळांत ३०,००० हून जास्त. सूत्र मदत मोजतं ती सार्वजनिक शाळेतल्या मुलांवरून. पण खासगी शाळांच्या पात्र मुलांची बस आणि विशेष शिक्षणाचा मोठा भार डिस्ट्रिक्टवर पडतो. तिथे २०१४ पासून मॉनिटर आहेत. त्यांना पर्चेस ऑर्डर तपासून ही दरी बुजवता येणं शक्यच नव्हतं. मग राज्याने आगाऊ मदत दिली, तीही पुन्हा पुन्हा. २०२१ पर्यंतच तिची बेरीज १० कोटी डॉलरच्या वर गेली होती. आगाऊ मदत हे कर्जच असतं. पुढच्या वर्षांच्या मदतीतून ते परस्पर कापून घेतात, जास्तीत जास्त १० वर्षांत. म्हणजे आज चौथीतल्या मुलीची तूट उद्या चौथीत येणाऱ्या मुलीच्या वर्गातून वसूल होते. पालकांनी २०१४ मध्ये दाद मागितली होती. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की या मुलांना घटनेला अपेक्षित शिक्षण मिळत नाही, आणि निधीच्या सूत्राबद्दलचा त्यांचा युक्तिवाद पुन्हा तपासायला लावला. नऊ वर्षं. दावा दाखल झाला तेव्हा तिसरीत असलेलं मूल निकालाच्या वेळी बारावीला जायला आलं होतं.

म्हणून मी म्हणतो, देखरेख हवी, पण ती तुटीआधी हवी. कॅलिफोर्नियात १९९१ मध्ये रिचमंड डिस्ट्रिक्टचे पैसे संपले आणि शाळा सहा आठवडे लवकर बंद करायची वेळ आली. त्यानंतर तिथे प्रत्येक डिस्ट्रिक्टला वर्षातून दोनदा काउंटीपुढे (तिथल्या जिल्ह्यापुढे) चालू वर्ष आणि पुढची दोन वर्षं निभावतील का हे लेखी सांगावं लागतं, आणि उत्तर "कदाचित" असलं तरी देखरेख वाढते. तरीही ऑकलंडला २००३ मध्ये १० कोटी डॉलरचं कर्ज लागलं आणि ते फिटायला २०२५ उजाडलं. न्यूयॉर्क राज्याचे कंट्रोलर, म्हणजे मुख्य हिशेब तपासनीस, २०१३ पासून डिस्ट्रिक्टना आर्थिक ताणाचे गुण देतात. न्यू जर्सीनेही तीन वर्षांचा अंदाज दरवर्षी सक्तीचा करावा, हे माझं जुनं मत आहे.

तुमच्या डिस्ट्रिक्टला कोणता आजार आहे हे तुम्ही स्वतः तपासू शकता. शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर गेल्या काही वर्षांची ऑडिट आहेत. मागची तीन उघडा आणि शेवटी ऑडिटरची निरीक्षणं असतात ती वाचा. तेच ते दोष दरवर्षी येत असतील, पर्चेस ऑर्डर नंतर काढली, बँकेचा ताळमेळ वेळेत नाही, पगारपत्रक जुळत नाही, तर बेशिस्त आहे आणि मॉनिटरचा खरोखर उपयोग होईल. निरीक्षणं थोडी आणि तरीही शिल्लक दरवर्षी घटतेय, बाहेरच्या विशेष शाळांची फी, बस, चार्टर शाळांना (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) द्यायचे पैसे आणि आरोग्य विमा या ओळी मदतीपेक्षा वेगाने वाढतायत, तर तफावत आहे. मग तुमचा आवाज ट्रेंटनमधल्या तुमच्या आमदारांपर्यंत जायला हवा, कारण मॉनिटरला सूत्र बदलता येत नाही. बऱ्याच ठिकाणी दोन्ही आजार एकत्र असतात, पण एक नेहमी मोठा असतो.

बोर्डाच्या बैठकीत दर महिन्याला सेक्रेटरीचा अहवाल येतो आणि कोणत्याही खात्यात मंजुरीपेक्षा जास्त खर्च झालेला नाही असं बोर्डाला प्रमाणित करावं लागतं. हा ठराव बहुतेक ठिकाणी काही सेकंदांत पार पडतो. तो आधी मागून घ्या, आणि "बांधील रक्कम" असा स्तंभ बघा. ऑर्डर दिलेली पण बिल न भरलेली रक्कम तिथे असते. वर्षाच्या मध्यावर तो स्तंभ विशेष शिक्षणाच्या आणि बसच्या ओळींत रिकामा दिसला तर प्रश्न विचारा, कारण या दोन गोष्टींचे करार सप्टेंबरातच झालेले असतात. मॉनिटरनेही दर महिन्याला बोर्डासमोर आणि लोकांसमोर अहवाल द्यायचा असतो. त्या दिवशी सभागृहात पालक असले की अहवाल जास्त नेमका येतो, हा माझा अनुभव आहे.

आता कर. मॉनिटर स्वतः कर लावत नाही. पण मागची काही वर्षं बोर्डाने २ टक्क्यांची मर्यादाही पूर्ण वापरली नसेल तर तो ती वापरायला लावेल, आणि बोर्डाने बजेट नाकारलं तर ते मतही फिरवू शकेल. वाढ धरून चाला. शिक्षकांच्या बाबतीत १५ मे लक्षात ठेवा. कायम न झालेल्या शिक्षकांना पुढच्या वर्षी ठेवणार की नाही हे त्या तारखेपर्यंत कळवावं लागतं, म्हणून कपात झालीच तर ती पहिल्यांदा तिथे दिसते. बेशिस्तीच्या डिस्ट्रिक्टमध्ये मध्यवर्ती कार्यालयातली पदं आणि कंत्राटं आधी तपासली जावीत, वर्ग शेवटी. याचा आग्रह धरा. मी ज्या दोन मॉनिटरांबरोबर काम केलं त्यातल्या एकाने पहिल्या महिन्यात बसचे सगळे मार्ग नकाशावर मांडले आणि अर्ध्या रिकाम्या धावणाऱ्या गाड्या एकत्र केल्या. दुसऱ्याने थेट ग्रंथपाल कमी केले, कारण ते यादीत पटकन सापडतात. पहिल्या डिस्ट्रिक्टमधले पालक प्रत्येक बैठकीला आकडे घेऊन यायचे.

घर विकण्याचा विचार एवढ्यावरून करू नका. मॉनिटर आलेल्या डिस्ट्रिक्टच्या चोपड्या त्या घडीला आसपासच्या कोणत्याही डिस्ट्रिक्टपेक्षा जास्त तपासल्या जात असतात. मात्र एक बघा: राज्याकडून आगाऊ मदत घेण्याचा ठराव झालाय का? झाला असेल तर किती रक्कम, किती वर्षांत कापणार, आणि ती वजा करून पुढच्या तीन वर्षांचं बजेट कसं दिसतं, हे लेखी मागा. बजेटची जाहीर सुनावणी एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात असते आणि सोप्या भाषेतला बजेटचा तक्ता संकेतस्थळावर टाकणं त्यांना बंधनकारक आहे. तो हाती आला की त्यातलं शिल्लक रकमेचं पान आणि मागची तीन ऑडिट मला पाठवा. आपण दोघं मिळून ओळ न् ओळ बघू.